साध्या सायकलला कच्च्या वाटेवर सारखं पंक्चर होतंय? ठिगळाआधी भोक बघा

पंक्चर काढलं, दोन-चार दिवस सायकल नीट चालली आणि परत एका सकाळी बघावं तर टायर जमिनीला टेकलेला. पुन्हा पंक्चरवाला, पुन्हा ठिगळ, आठवड्यात परत तेच. शॉकअप नसलेली साधी सायकल घेऊन पाणंद रस्त्यानं, गाडीवाटेनं, कालव्याच्या कडेनं हिंडणाऱ्या आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येकाची ही तक्रार असते. बालाघाट डोंगरावरचा मुरमाड माळ असो की गोदाकाठचं काळं रान, त्यात फरक नाही. त्यावर मिळणारे सल्लेही ठरलेले आहेत: भारी ट्यूब टाका, जाड टायर टाका, ट्यूबमध्ये भोक बुजवणारं औषध भरा, शॉकअप बसवून घ्या. पैसे जातात, पंक्चर काही जात नाही.

एकदा पंक्चर झालं तर तो नशिबाचा भाग. तेच चाक पंधरा दिवसांत दुसऱ्यांदा बसलं तर बहुतेक वेळा नवीन काहीच घडलेलं नसतं, जुनंच कारण टायरमध्ये, रिमवर नाहीतर हवेच्या मापात तसंच राहिलेलं असतं. ते कारण कुठलं हे ट्यूबवरचं भोक सांगतं. भोक कुठल्या बाजूला आहे, एक आहे की दोन, वॉल्वपासून किती लांब आहे, हे न बघता ठिगळ लावलं की ती खूण त्याच ठिगळाखाली कायमची झाकली जाते.

म्हणून आधी भोक शोधायची पद्धत. वॉल्व टायरवर कुठे आला होता तिथे टायरच्या बाजूवर खडूनं किंवा पेननं रेघ मारा. टायर एकाच बाजूनं उतरवा, दुसरी कड रिमवरच राहू द्या. ट्यूब काढताना चेनच्या बाजूला कुठलं अंग होतं तेही लिहून ठेवा, ट्यूबवर एक ठळक ‘चे’ पुरतो. मग ट्यूब चांगली फुगवा, नेहमीच्या दीडपट जाड होईल इतकी, आणि गालाजवळ धरून फिरवा. ओठांच्या वरच्या भागाला बारीक हवाही कळते. नाहीच कळली तर पाण्याचं घमेलं आहेच. बुडबुडे आले तिथे ओलं पुसून गोल करा. आता ट्यूब आधी होती तशीच, वॉल्वला वॉल्व आणि ‘चे’ चेनकडे ठेवून, टायरवर टेकवा. भोकासमोर टायरचा जो भाग येतो तिथे आणि रिमच्या तेवढ्याच भागात गुन्हेगार शोधायचा. पंक्चरवाल्याकडे ही उठाठेव कोणी करत नाही, त्याच्यासमोर चार गाड्या उभ्या असतात. घरी करायला दहा मिनिटं लागतात.

टायरकडच्या बाजूला एकच बारीक भोक

हा काटा. इथपर्यंत सगळ्यांनाच माहीत असतं. घोळ होतो तो पुढे. काटा ‘काढला’ असं आपण म्हणतो तेव्हा बाहेर दिसणारा भाग ओढून काढलेला असतो. बाभळीचा काटा टायरमध्ये शिरला की चालत्या चाकाखाली त्याचा बुंधा मोडतो आणि टोक टायरच्या कापडी थरात अडकून बसतं. बाहेरून काही दिसत नाही. आतून बोट फिरवलं तरी लागत नाही, कारण टायर मोकळा असताना टोक रबराच्या पातळीतच असतं. हवा भरून वर माणूस बसला आणि टायर दबला की ते टोक सुईसारखं आत डोकावतं आणि ट्यूबला टोचतं. म्हणून असं पंक्चर गल्लीत होत नाही, माळावर होतं, आणि दर वेळी त्याच जागी.

भाच्याच्या सायकलचं मागचं चाक असंच छळत होतं. ट्यूब पसरून बघितली तर दोन ठिगळं आणि एक नवं भोक, तिन्ही एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली जातील इतकी जवळ. “मामा, काटा तर काढला होता दुकानात, मी स्वतः बघितला,” असं त्याचं म्हणणं. खरंच होतं ते. टायर त्या जागी उलटा वाकवला, आतली बाजू बाहेर येईल असा ताणून धरला आणि त्यावरून कापसाचा बोळा हलकेच फिरवला. बोटाला न लागलेलं टोक कापसाच्या तंतूंना लागलं, पांढरा धागा तिथेच अडकून राहिला. त्या धाग्याखाली तपकिरी ठिपका, जेमतेम तिळाच्या टोकाएवढा. बाहेरून दाभणानं रेटल्यावर आत थोडं वर आलं, मग नेलकटरच्या तोंडात पकडून ओढलं. अर्ध्या सेंटीमीटरपेक्षाही लहान तुकडा होता. कापूस आपल्याकडे मागायची गरज नाही, घरातली वात पिळायच्या आधीची मूठभर सरकी काढलेली रुई पिशवीत टाकून ठेवा. बोट फिरवायचंच असेल तर कापड गुंडाळून फिरवा, उघड्या बोटानं वेगात फिरवलं तर भोक बोटाला पडतं.

काट्यांमध्येही जाती आहेत आणि कुठल्या वाटेला कुठला हे माहीत असलं तर निम्मं काम होतं. सराटा, ज्याला गोखरू म्हणतात, तो पावसाळ्यात जमिनीसरपट पसरतो, पिवळी पाच पाकळ्यांची फुलं येतात. पाऊस सरला की फळ वाळून पाच तुकड्यांत फुटतं आणि प्रत्येक तुकड्याला दोन मोठे, दोन छोटे काटे. कसाही पडला तरी एखादा काटा वर तोंड करूनच बसतो. दिवाळीपासून पुढे पडीक रानाच्या कडेला, गावाबाहेरच्या मैदानात, मुरमाच्या मोकळ्या जागेत हा असतो. सराट्याचा काटा आखूड, त्यामुळे जाड टायरला त्याची फारशी मात्रा चालत नाही, झिजलेल्या टायरला मात्र एका फेरीत दहा-दहा चिकटतात. बाभळीचा आणि वेड्या बाभळीचा काटा लांब आणि टणक, त्याला टायरच्या जाडीचं काही वाटत नाही. वेडी बाभूळ कालव्यांच्या दोन्ही अंगांनी माजलेली आहे. जायकवाडीच्या कालव्याकडेची वाट सपाट, सावलीची आणि मोहात पाडणारी असते, पण सरपणासाठी फांद्या तोडून ओढत नेलेल्या असतील तर त्या वाटेवर काट्यांचा सडा असतो. तसंच उन्हाळ्यात शेतकरी धुरे साफ करतात, बोरी-बाभळी छाटून कुपाटी घालतात. त्या दिवसांत गाडीवाटेच्या कडेनं न जाता मधल्या चाकोरीतून जायचं. बैलगाडीच्या आणि ट्रॅक्टरच्या चाकांनी तिथले काटे आधीच चुरलेले असतात. वाटेवर कोणी ताजी फांदी ओढत नेल्याची खरड दिसली तर उतरून सायकल उचलून न्यावी. यात कमीपणा नाही.

ज्वारी काढलेल्या रानातून आडवं जायचा मोह बऱ्याच जणांना होतो. विळ्यानं तिरकी कापलेली धसकटं, तुरीचे आणि पऱ्हाटीचे खुंट हे काटे नव्हेत, पण टायरच्या बाजूची भिंत ते चिरतात, आणि बाजूची भिंत हाच टायरचा सगळ्यात पातळ भाग. ट्यूबला ठिगळ लावून भागत नाही, चिरेतून ट्यूब फुग्यासारखी बाहेर येते. रानात असाल तर दुधाच्या पिशवीची चार पदरी घडी किंवा रिकाम्या टूथपेस्टच्या ट्यूबचा कापलेला तुकडा टायर आणि ट्यूबच्या मध्ये सरकवा आणि कमी हवेवर हळू घरी या. घरी आल्यावर जुन्या टायरचा तुकडा आतून चिकटवता येतो, पण दोन सेंटीमीटरच्या पुढची चीर असेल तर टायरचा लोभ सोडावा.

एक न दिसणारा काटा तारेचा असतो. धुळे-सोलापूर महामार्ग ओलांडताना किंवा त्याच्या कडेच्या पट्टीवरून थोडं जाताना ट्रकच्या फुटलेल्या टायरमधल्या केसाएवढ्या पोलादी तारा टायरमध्ये घुसतात. त्यातून हवा इतकी सावकाश जाते की पंक्चर तीन दिवसांनी माळावर लक्षात येतं आणि दोष माळाला लागतो. याही तारा कापसालाच सापडतात.

शेजारी शेजारी दोन भोकं

साध्या सायकलचं खरं दुखणं हे आहे, आणि काट्याच्या नावावर सगळ्यात जास्त खपतं तेही हेच. दोन बारीक चिरा, समोरासमोर, मध्ये बोटाएवढं अंतर. सायकलवाले याला सापाचा चावा म्हणतात. चाक दगडाच्या धारेवर किंवा चरीच्या काठावर आदळलं, टायर पूर्ण दबला आणि ट्यूब रिमच्या दोन कडा आणि दगड यांच्या मध्ये चेंगरली, तर अशी खूण उमटते. तुम्ही दोन तास टायरमध्ये काटा शोधत बसलात तरी सापडणार नाही, कारण तो नव्हताच. ठिगळ लावून तेवढीच हवा भरली तर पुढच्या चरीत परत तेच होणार.

शॉकअप नसलेल्या सायकलवर टायरमधली हवा हाच शॉकअप. कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत, फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगरउतारावर १९७६ साली रीपॅक नावाची शर्यत सुरू झाली. आजची माउंटन बाइक ज्या खटाटोपांतून जन्मली त्यातली ती एक. तिथली पोरं जुन्या, जाडजूड, एकाच गिअरच्या सायकली घेऊन धुळीच्या रस्त्यानं खाली सुटायची. शॉकअप कुठलेच नव्हते, बाजारात ते १९९०च्या आसपास दिसू लागले. त्यांच्याकडे होते सव्वादोन इंचांच्या आतबाहेरचे फुगे टायर. म्हणजे साध्या सायकलवर कच्च्या वाटेनं जाण्यात नवल काही नाही. फक्त टायरची रुंदी आणि त्यातली हवा यांचं गणित जमलं पाहिजे.

गणित साधं आहे. हवा कमी पडली तर सापाचा चावा. हवा टणक भरली तर चावा बसत नाही, पण चाक प्रत्येक खड्यावरून उडतं, मुरमावर पकड जाते, मनगटं बधिर होतात आणि माणूस वैतागून पुढच्या वेळी हवा काढून टाकतो. वजन ६५ ते ७० किलो आणि टायर २६ बाय १.९५ इंच धरला तर पुढे ३० ते ३२ आणि मागे ३५ ते ३८ पीएसआयपासून (हवेच्या दाबाचं माप, पंपाच्या मीटरवर असतं) सुरुवात करा. वजन जास्त असेल किंवा मागे कॅरिअरवर सामान असेल तर मागची हवा तीन-चारनं वाढवा. दीड इंचाच्या आसपासचे अरुंद टायर असतील तर ४५ ते ५० लागेल, आणि मग माळावर वेग आवरता घ्यावा लागेल. टायरच्या बाजूवर छापलेली सगळ्यात जास्त हवेची मर्यादा ओलांडायची नाही. मागच्या चाकात जास्त हवा का, तर बसल्यावर निम्म्याहून बरंच जास्त वजन मागच्या चाकावर येतं. सापाचे चावे म्हणूनच बहुतेक मागे बसतात, आणि म्हणूनच “पुढे शॉकअप टाकून घ्या, पंक्चर थांबेल” हा दुकानातला सल्ला निरुपयोगी आहे. पुढचा शॉकअप मागच्या ट्यूबला कसा वाचवणार? त्यातही स्वस्तातला शॉकअप म्हणजे दोन-अडीच किलोची स्प्रिंग, चढावर ओझं आणि उतारावर घोड्यासारखी उसळी. पुढचं चाक धरणारा साधा चिमटाच बरा.

हवा मोजणं हीच मोठी अडचण असते. काळ्या सायकलला जो जुना वॉल्व असतो, ज्यात रबराची वॉलट्यूब घालतात, त्यावर मीटर नीट लागत नाही, आतल्या रबरामुळे आकडा चुकतो. मोटारसायकलसारखा जाड वॉल्व असेल तर मीटरवाला उभा पंप घ्या, साध्या सायकलवर करण्यासारखा हा सगळ्यात शहाणा खर्च आहे. मीटर नसेल तर एक गावठी परीक्षा: एखाद्या दगडाच्या किंवा ओट्याच्या धारेवर पुढचं चाक टेकवा आणि दोन्ही हातांनी हँडलवर अंगाचा भार जोरात टाका. रिम धारेला ‘टक्’ करून लागली तर हवा कमी. टायर निम्म्यापर्यंत दबून थांबला तर बरोबर. जेमतेम दबला तर जास्त. मागच्यासाठी सीटवर पूर्ण वजन टाकून हेच करा. पंक्चरच्या दुकानातला कंप्रेसर मात्र मोटारसायकलच्या हिशोबानं हवा ठोकतो, मोजून घ्यायला सांगा नाहीतर घरी येऊन थोडी सोडा.

उरलेला भाग बसण्याचा. चर किंवा दगड समोर दिसला की सीटवरून उठायचं, दोन्ही पायडल आडवी सारखी ठेवायची, गुडघे आणि कोपर मोकळे. चरीच्या अलीकडे हँडल किंचित वर ओढून पुढचं चाक हलकं करायचं. ते पलीकडे गेलं की अंग थोडं पुढे झुकवायचं, म्हणजे मागचं चाक बिनवजनाचं काठावरून सरकतं. सगळ्यात जास्त पंक्चर होतात ते दुसऱ्या भागात चुकल्यामुळे: पुढचं चाक पार झालं की माणूस निर्धास्त सीटवर बसतो, आणि नेमकं तेव्हाच मागचं चाक धारेवर येतं. ब्रेक चरीच्या आधी मारा, चरीत नको, ब्रेक लागलेलं चाक चढत नाही, आदळतं. बालाघाटावरच्या वाटांना उतारावर पाण्यानं पाडलेल्या आडव्या घळी असतात आणि संध्याकाळच्या तिरप्या उन्हात त्या दिसत नाहीत, तिथे वेग कमी करण्याला पर्याय नाही.

सापाच्या चाव्यानंतर रिमची कड बोटानं तपासा. तिथे रिम दबली असेल, ब्रेक लावताना चाक तिथेच अडखळत असेल, तर रिम सरळ करून घ्या. दबलेली धार पुढच्या वेळी ट्यूब आणखी लवकर कापते.

भोक रिमकडच्या बाजूला

हा प्रश्न टायरचा नाहीच. रिमच्या आत आऱ्यांच्या निपलांवर, म्हणजे आरे रिमला आवळणाऱ्या छोट्या नटांवर, एक पट्टी असते, रबराची नाहीतर कापडी. रबराची पट्टी उन्हाळ्यात सैल पडते, सरकते, आणि निपलचं डोकं किंवा आऱ्याचं टोक उघडं पडतं. कच्च्या वाटेवर आरे हादऱ्यानं सैल-घट्ट होत राहतात, कोणीतरी ते आवळून दिले की एखादं टोक वर येतं. पट्टी काढून प्रत्येक निपलवरून बोट फिरवा, टोचणारं टोक कानशीनं घासून सपाट करा आणि रिमच्या आतल्या रुंदीएवढी कापडी चिकटपट्टी दोन फेरे बसवा. विजेची काळी चिकटपट्टी वापरू नका, उन्हात तिचा डिंक पाझरतो आणि ती गोळा होऊन बाजूला होते. नव्या सायकलींनाही ही पट्टी कधी कधी इतकी अरुंद निघते की निपल निम्मे उघडेच असतात. सायकल घेतल्याच्या आठवड्यातच एकदा टायर उतरवून बघितलेलं बरं.

वॉल्वच्या बुडाशी फाटलं

वॉल्व रिममधून तिरका बाहेर आलेला दिसतोय का? मग टायर रिमवर सरकतोय आणि जाताना ट्यूब ओढून नेतोय. हवा कमी असताना जोरात ब्रेक मारले की हे होतं. ठिगळ इथे टिकत नाही, ट्यूब बदलावीच लागते. नवी घालताना टायरच्या आत आणि ट्यूबला थोडी टाल्कम पावडर चोळा, थोडी हवा भरून वॉल्व सरळ आहे ना ते बघा, मग पूर्ण भरा. वॉल्वची चाकी बोटानं टेकेल एवढीच लावा, पान्ह्यानं आवळली की बुडाशीच चीर पडते. रिमचं भोक जाड वॉल्वचं आणि ट्यूब बारीक वॉल्वची असेल तर मधल्या फटीतून ट्यूब बाहेर फुगते, त्यासाठी छोटी रबरी किंवा पितळी चकती मिळते.

भोक नवीन नाही, जुनं ठिगळच सुटलंय

हे उन्हाळ्यात फार. लोक सोल्युशनला दोष देतात, चूक बहुतेक घाईची असते. ट्यूबवर मधोमध जी बारीक उंच रेघ असते ती घासून पूर्ण सपाट केल्याशिवाय ठिगळ तिथे बसतच नाही, रेघेच्या कडेनं हवेला वाट मिळते. पॉलिश पेपरनं ठिगळापेक्षा मोठी जागा चमक जाईपर्यंत घासा, धूळ पुसा, आणि मग त्या जागेला हात लावू नका, घामाचा हात लागला की संपलं. सोल्युशन पातळ पसरा आणि थांबा. चार-पाच मिनिटं. ओलसर चमक जाऊन ते निस्तेज दिसलं पाहिजे. ओल्या सोल्युशनवर दाबलेलं ठिगळ त्या दिवशी धरतं आणि पुढच्या उन्हात सुटतं. लावल्यावर चमच्याच्या पाठीनं मधून कडेला दाबत जा. सोल्युशनची नळी एकदा उघडली की उन्हात वाळत जाते, म्हणून मोठी एक घेण्यापेक्षा छोट्या दोन घ्या.

उन्हावरून आठवलं. “उन्हात हवा फुगते आणि ट्यूब फुटते, म्हणून उन्हाळ्यात हवा कमी ठेवा,” हे आपल्याकडे घरोघरी सांगतात. सकाळी २५ अंशांना ३५ पीएसआय भरलेली हवा दुपारी ४५ अंशांना साधारण ३८ होते. काळा टायर उन्हात तापून ६० अंशांवर गेला असं धरलं तरी ४१च्या आसपास. ज्या टायरची मर्यादा ६० पीएसआय आहे तो यानं फुटत नाही. उन्हात फुटतो तो आधीच चिरलेला टायर, आणि सुटतं ते कच्चं ठिगळ. उन्हाला भिऊन हवा कमी ठेवणारा मात्र त्याच दुपारी सापाचा चावा घेऊन येतो. सायकल सावलीत ठेवावी हे खरंच, पण रबर वाळून तडकू नये म्हणून.

भोक सापडतच नाही

पाण्यात धरूनही बुडबुडा नाही आणि सकाळी हवा गेलेली, तर वॉल्व बघा. हवा भरलेल्या चाकाच्या वॉल्वच्या तोंडावर थुंकीचा थेंब लावा, फुगा येतो का बघा. जुन्या वॉल्वमधली वॉलट्यूब उन्हानं कडक होते, तो छोटा तुकडा बदलला की प्रश्न मिटतो. जाड वॉल्वमध्ये आतली सुई सैल असते किंवा तिच्यात धूळ बसलेली असते. माळावरची धूळ पीठासारखी, वॉल्वची टोपी हरवली की ती आत जाणारच. टोपी दिसायला फालतू वस्तू, पण लावा.

औषध भरावं का?

ट्यूबमध्ये ओतायचं हिरवं-पांढरं औषध बारीक काट्यांना चालतं, सराट्याला तर उत्तम. सापाच्या चाव्याला, बाजूच्या चिरेला, वॉल्वच्या फाटण्याला ते काहीच करत नाही, उलट सगळीकडे बुळबुळीत होतं आणि ठिगळ चिकटू देत नाही. शिवाय आपल्या उन्हाळ्यात ते काही महिन्यांत वाळतं, मग चाकात नुसता गोळा फिरतो. म्हणून भोकं आधी वाचा: वर्षभरात बहुतेक भोकं टायरकडच्या बाजूची एकेकटी असतील तर औषध भरा. जुन्या वॉल्वच्या ट्यूबला आतला भाग पूर्ण निघतो, ओतणं सोपं असतं, पण वॉलट्यूब त्यानं चिकटते, ती बदलून घ्या. टायरच्या आत बसवायची प्लॅस्टिकची पट्टीही काट्याला बरी, मात्र तिच्या दोन टोकांची धार कानशीनं गोल करून घ्या, नाहीतर ट्यूब तिथेच कापत राहते.

टायर घ्यायचाच असेल तर चिमट्यात आणि मागच्या दांड्यांत मावेल तेवढा रुंद घ्या, पण दोन्ही अंगांनी बोटभर जागा ठेवून. ही जागा पावसाळ्यात कळते. काळी माती ओली झाली की टायरवर थर चढत जातो, चिमट्याला घासतो आणि दहा पावलांत चाक गच्च. त्या मातीत सायकल ढकलूही नका, उचला, आणि वाळेपर्यंत मुरमाच्या वाटेनं फिरा. वाळलेल्या चिखलाची ढेकळं टायरवर तशीच राहिली तर त्यात रुतलेले काटे दर फेऱ्याला आत ढकलले जातात. घरी आल्यावर काडीनं चिखल काढा, चाक हातानं सावकाश फिरवत टायरवर नजर टाका, घुसू लागलेला सराटा तेव्हाच उपटा. ठिगळ लावलेलं चाकही लगेच माळावर नेऊ नका. रात्रभर भरून ठेवा आणि सकाळी अंगठ्यानं दाबून बघा. रात्रीत उतरलं तर टायर पुन्हा उतरवा, आणि या वेळी कापूस आधी हातात घ्या.